चाळीस ठिपके आणि तुळजापूरचा फाटा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूरच्या एका वाचकांना येत्या ३१ मार्चला चाळीस वर्षं पूर्ण होतायत. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मित्रामुळे त्यांना जिओकॅशिंगचा, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधण्याच्या खेळाचा, नाद लागला. पुणे, हैदराबाद, गोवा असं कुठे जाणं झालं की ते तिथले डबे शोधतात. घराजवळ मात्र नकाशावर डबे अगदी तुरळक. म्हणून त्यांनी स्वतःच एक आव्हान आखलं: मराठवाड्याचे आठ जिल्हे, प्रत्येकी पाच ठिकाणं, असे चाळीस ठिपके चाळिशीच्या आत. ठिपक्यावर पोचायचं, अक्षांश-रेखांशासह फोटो काढायचा, वहीत टिक करायची. तेवीस झाले, सतरा उरलेत. डिसेंबरातल्या एका रविवारी बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई यांना घेऊन त्यांनी औसा, खरोसा, नळदुर्ग, धाराशिवची लेणी आणि तेर असे पाच ठिपके एका दिवसात उरकले. वाटेत आईला तुळजापूरला थांबायचं होतं, पण वेळ नव्हता. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. त्यानंतर बायको म्हणते, "तुमचे ठिपके तुम्ही घ्या, पेट्रोलही तुमचंच." मुलगी यायला तयार नाही. आई काही बोलत नाही. त्यांचा प्रश्न असा: आव्हान सोडून द्यावं, की उरलेले सतरा एकट्याने करावेत? आणि मराठवाडा या नकाशावर दिसावा म्हणून आठ जिल्ह्यांतल्या किल्ल्यांवर आपणच डबे लपवले तर?

नमस्कार,

तुमच्या पत्रात चाळीस ठिकाणांची नावं आहेत, तारखा आहेत, किलोमीटर आहेत. पण मी अडकले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत: "आईने गाडीतूनच हात जोडले." तुळजापूर बाजूला टाकून गाडी पुढे निघालीय, मागच्या सीटवर बसलेल्या आईंनी खिडकीतून हात जोडलेत, आणि गाडीत कुणीच काही बोलत नाहीये. आपल्याकडे नवी गाडी घेतली तर ती आधी तुळजापूरला न्यायची, लग्न झालं तर जोडप्याने आधी भवानीला जायचं. तिथे वाढलेल्या बाईला त्या फाट्यावरून सरळ जाताना काय वाटलं असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला ते टोचलंय, म्हणून तर ती ओळ पत्रात आली.

दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पण त्या फाट्यावर गाडी वळू दिली नाही ती कुणी? जिओकॅशिंगने नक्कीच नाही. नाद सोडावा की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी ही मुदत आली कुठून ते पाहू.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी वापरावर मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा उठवली. साध्या माणसाच्या हातातलं यंत्र एका रात्रीत काही मीटरांपर्यंत नेमकं झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवली, तिच्यात काही वस्तू, एक वही आणि पेन्सिल टाकली आणि ती कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. काही दिवसांतच ती लोकांना सापडली. खेळाचं मूळ एवढंच. कुणीतरी डबा लपवायचा, बाकीच्यांनी शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा. आज हे डबे जगभर आहेत.

आव्हानं यात मागाहून आली, आणि ती मला मनापासून आवडतात. प्रत्येक डब्याला दोन गुण असतात: शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, मध्ये अर्ध्याच्या पायऱ्या. नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ खण. हे सगळे खण भरायचे, हे एक गाजलेलं आव्हान. दुसरं असं की मे २००० पासून आजपर्यंतच्या प्रत्येक महिन्यात लपवलेला एक तरी डबा आपल्या नावावर हवा. तिसरं कॅलेंडरचं: वर्षाच्या ३६६ तारखांपैकी प्रत्येक तारखेला कधी ना कधी एक डबा सापडलेला हवा. २९ फेब्रुवारीचा खण चुकला तर चार वर्षं थांबायचं. लोक थांबतात.

तुमच्या कामाची गोष्ट इथेच आहे. या आव्हानांना शेवटची तारीख नसते. आव्हानाचा डबा, म्हणजे अट पूर्ण केल्यावरच नावावर लागणारा डबा, वाटेत लागला तर अट पूर्ण नसतानाही त्याच्या वहीत सही करून ठेवता येते. अट पूर्ण होईल तेव्हा, पाच वर्षांनी का होईना, तो आपल्या नावावर लावायचा. आणि "एका दिवसात इतके" किंवा "एका महिन्यात तितके" अशा घाईच्या अटी नव्या आव्हान-डब्यांना आता घालू देत नाहीत. ज्या खेळाच्या प्रेमापोटी तुम्ही ही वही केलीत, त्या खेळानेच घाईची अट दारातून परत पाठवलीय. ३१ मार्च तुमच्या घरातून आला.

आता ही तारीख तुम्हाला इतकी प्रिय का, हे मी ओळखून आहे. चाळिशी जवळ आली की काहीतरी पुरं करून दाखवावंसं वाटतं. नोकरीत, घरात "झालं" असं म्हणता येण्याजोगं फारसं काही नसतं, आणि वहीतली टिक तेवढी पक्की असते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हा वाढदिवस तुमचा आहे. नऊ वर्षांच्या मुलीच्या आणि सत्तरीच्या आईच्या पायांनी तो का गाठायचा?

माझंही एकदा असंच झालं होतं, म्हणून अधिकाराने सांगते. मी अंबाजोगाईची. बारा-तेरा वर्षांपूर्वी मला बारवांनी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींनी, वेड लावलं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, परभणी-हिंगोलीकडच्या एकवीस बारवा बघायच्याच. चारठाण्यापासून सुरुवात केली आणि सुट्टी संपायच्या आत एकवीस केल्या. वर्षभराने एका मैत्रिणीला फोटो दाखवायला बसले. एक फोटो: हिरवं पाणी, उजवीकडे तुटलेल्या पायऱ्या, कोनाड्यात शेंदूर लावलेला दगड, वर लिंबाची फांदी. पुढचा फोटो: हिरवं पाणी, पायऱ्या, शेंदूर, लिंब. ती विचारत होती, हे कुठलं गाव? मला सांगता येईना. तिसऱ्याचंही नाही, चौथ्याचंही नाही. एकवीस फोटोंतली खात्रीने ओळखता आली ती सेलू तालुक्यातली वालूरची. ती गोल आहे आणि तिच्या पायऱ्या चक्रासारख्या फिरत खाली उतरतात, म्हणून. शिवाय तिथे गाडी पंक्चर झाल्यामुळे दोन तास बसावं लागलं होतं. शेजारच्या घरातून चहा आला होता. पंक्चर झालं नसतं तर वालूरही बाकीच्यांसारखी पुसली गेली असती.

त्या डिसेंबरच्या रविवारी तुम्ही तेरला किती वेळ होतात, तेही पत्रात आहे: वीस मिनिटं. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे व्यापार करणारं गाव. तिथे गोरोबाकाकांची समाधी आहे, विटांचं त्रिविक्रमाचं प्राचीन मंदिर आहे, आणि गावात सापडलेल्या वस्तूंनी भरलेलं लामतुरे संग्रहालय आहे. मातीची खेळणी, शंखाच्या बांगड्या, मणी. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोरांची खेळणी काचेपलीकडे असताना तिला गाडीतून उतरवून, फोटोपुरतं उभं करून परत बसवलंत. आणि नळदुर्गला गेलात डिसेंबरात! पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात ते बोरी भरून वाहत असताना. आदिलशाहीत नदीत बंधारा घालून त्याच्या पोटात महाल बांधला, वरून पाणी पडतंय आणि आतल्या सज्जात माणूस कोरडा उभा आहे, ही तिथली करामत. धबधबा वाहत नसेल तर पोरीला तिथे भिंत दिसते. तुमच्या वहीत टिक आहे, हे खरं.

म्हणजे "घरच्यांना फिरायची आवड नाही" हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. तुमच्याच पत्रात पुण्याची एक आठवण आहे. टेकडीवरच्या रेलिंगच्या आतल्या बाजूला लोहचुंबकाने चिकटवलेली करंगळीएवढी डबी मुलीला सापडली. आतली कागदाची सुरळी तिने नखाने हलकेच बाहेर काढली, तुमच्या टोपणनावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि नाव बसेना म्हणून शेवटचं अक्षर उभं काढलं. त्या दिवशी तिला किती डबे सापडले होते? एक. तिला शोधायला आवडतं. तुमच्या चाळीस ठिपक्यांत शोधण्यासारखं काही उरलंच नाही, कारण ठिकाण तुम्हाला आधीच माहीत असतं. जागा, वेळ, फोटोचा कोन सगळं तुम्ही ठरवता आणि ती फोटोत उभी राहते.

तेव्हा माझं उत्तर: आव्हान सोडू नका, आणि सतरा एकटे जाऊनही उरकू नका. तारीख पुसा आणि यादी पुन्हा मांडा. ही मांडणी घरात, जेवणं झाल्यावर, वही मध्ये ठेवून सगळ्यांसमोर करा. सतरापैकी कुठल्या ठिकाणी कुणाला जायचंय ते प्रत्येकाने सांगायचं. काही ठिकाणं कुणालाच नको असतील, ती निमूट खोडा आणि त्यांच्या जागी घरच्यांनी सुचवलेली घाला. बायकोला कदाचित माहूरची रेणुका हवी असेल, आईंना गंगाखेडची जनाबाई किंवा औंढा. "हे कसले ठिपके, ही तर देवळं" असं मनात आलं तर येऊ द्या, आणि तरी वहीत लिहा.

उरलेल्या ठिकाणांना त्या खेळातलाच चढाईचा गुण द्या. १ म्हणजे चाकाची खुर्चीसुद्धा जाईल अशी जागा, ५ म्हणजे दोर किंवा होडी लागेल अशी. देवगिरीचा पायथा आणि पहिली तटबंदी आईंना जमेल, अंधारी म्हणजे ती काळोखी भुयारी वाट आणि त्यापुढची चढण नाही. कन्नडजवळचा अंतूर किंवा पितळखोऱ्याच्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीतच. एवढं लिहून ठेवलं की कुठल्या दिवशी कोण येणार हे वहीच सांगते आणि कुणाला गाडीत बसून वाट बघावी लागत नाही. अंतूर, पितळखोरा असली दोन-तीन ठिकाणं मित्रांबरोबर खुशाल करा, घरी सांगून. पण एकट्याने मुळीच नको. गौताळा अभयारण्याच्या त्या भागात कित्येक ठिकाणी फोनला रेंज नसते, आणि पाय मुरगळला तर कुणाला कळणारसुद्धा नाही. नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि खालच्या गावात कुणाला तरी सांगून वर चढा.

ठिकाणं ऋतूप्रमाणे लावा, जिल्ह्याप्रमाणे नको. पाण्याची सगळी ऑगस्ट-सप्टेंबरात: नळदुर्ग, पाटोद्याजवळचं सौताडा, नांदेडकडचं सहस्रकुंड. मात्र पावसात शेतातून जाणारी वाट नको. आपली काळी माती बुटाला धरली की प्रत्येक पाऊल किलोभर जड होतं, गाडीचं चाक रुतलं तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. लेणी आणि उघडे किल्ले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सकाळी दहाच्या पुढे उघड्या दगडावर पोरांना नेऊ नका. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. ऐकायला हे बारीक वाटतं, पण बंद दारावरून परतलेलं एखादं कुटुंब मला दरवर्षी भेटतंच.

एका दिवसात एकच मोठं ठिकाण ठेवा. वाटेवर असेल तर एक छोटं, तेही जमलं तर. आणि एक जागा रिकामी सोडा. ती गाडीतल्या ज्याला वाटेल त्याने मागायची: रसवंती, कुणाची मावशी, हुरडा, फाट्यावरचं देऊळ. ही रिकामी जागा त्या रविवारी असती तर तुळजापूर त्यात बसलं असतं. पेट्रोलचा मुद्दाही इथेच निघतो. तुमची बायको पैशाबद्दल बोलतेय असं मला वाटत नाही. दिवसभर गाडीत बसून हाती काय लागलं, असं ती विचारतेय.

आणि अंधाराच्या आत घर. या एका बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. आता गाळपाचा हंगाम आहे. लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर सूर्य मावळला की उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत, त्या एकदम समोर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर असतो तेव्हा ती ट्रॉली काळोखाचाच तुकडा होते. त्या रविवारी रात्री मुलगी मागे झोपलेली असताना तुम्ही तेर-लातूर आलात. ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. पाचवा ठिपका नसता तर तुम्ही उजेडात घरी असता.

शोधतानाचं थोडं. फोन तुम्हाला डब्यापर्यंत नेत नाही, डब्याच्या अंगणात नेऊन सोडतो. उघड्यावर पाचेक मीटर इकडेतिकडे, दरीत किंवा उंच तटाखाली त्याहून जास्त. तिथे फोन खिशात घालायचा आणि मुलीला पुढे करायचं. "तू लपवलं असतंस तर कुठे?" एवढंच विचारा. तिला हेही सांगा की उत्तरेकडे अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. भूगोलाच्या पुस्तकातल्या आडव्या रेघा पायाखाली आल्या की पोरं चकित होतात. हात मात्र दगडाच्या फटीत घालू द्यायचा नाही, आधी काठी. घोणस, फुरसं, विंचू यांना आपले पडके बुरूज फार आवडतात. वर आग्या मोहोळ दिसलं तर मोठ्याने बोलणं नाही, धूर नाही, अत्तर नाही, आणि ठिकाण कितीही मोलाचं असलं तरी माघारी फिरायचं. नाही सापडला तर "नाही सापडला" अशी नोंद करायची. तिचा उपयोग डबा ठेवणाऱ्याला होतो. डबा हरवलाय का, हे त्याला त्यावरूनच कळतं.

आता डबे लपवण्याचं. मराठवाडा नकाशावर दिसावा ही तुमची तळमळ माझीही आहे. पण किल्ले नकोत. देवगिरी, वेरूळ, अजिंठा, पितळखोरा ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत, बाकीचे बरेच किल्ले राज्याकडे. दगड सरकवून मागे डबा कोंबला, दहाजणांनी तो शोधायला आणखी दहा दगड सरकवले, की पुढच्या पावसाळ्यात तट ढासळतो. परवानगीशिवाय तिथे काहीही ठेवायचं नाही, आणि अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. गर्दीचं देऊळ, बसस्थानक, रेल्वे, नांदेडचा गुरुद्वारा इथे तर विचारही नको. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, पोलीस धावतात आणि त्यांचं बरोबरच असतं. स्टीलचा जेवणाचा डबा कुठेच नको. आतलं दिसेल असा पारदर्शक, घट्ट झाकणाचा घ्या आणि आत मराठीत चिठ्ठी ठेवा: हा खेळ आहे, वही आहे, हा माझा नंबर. पेनऐवजी पेन्सिल. ओल लागली की शाई पसरते, पेन्सिल टिकते.

तुमच्या यादीत किल्लारीही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुमच्या घरातल्या मोठ्यांनी पाहिलीय. तिथे जा, मुलीला न्या, स्मारकापाशी उभे राहा. वहीत टिक करू नका आणि डबा तर ठेवूच नका. एवढंच.

आठ जिल्ह्यांत आठ डबे ही कल्पनाही मला घाईची वाटते. ठेवलेला डबा सांभाळावा लागतो. वही भिजली, झाकण फुटलं, कुणी उचलून नेला, तर तुम्हालाच जावं लागणार. लातूरहून माहूरला वही बदलायला कितीदा जाल? म्हणून डबा यादीत घेण्याआधी तपासणारे स्वयंसेवक विचारतातच की तुम्ही त्याची देखभाल कशी करणार. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं, जागामालकाची परवानगी लागते. तुमचं मूळ गाव औसा तालुक्यात आहे आणि शेत भाऊ बघतात, असं लिहिलंय. पहिला डबा तिथे ठेवा. बांधावर नको, नांगरटीत जाईल. विहिरीजवळच्या एखाद्या झाडाच्या ढोलीत, भावाला विचारून आणि वाट त्याच्याच तोंडून लिहून घेऊन. तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, हे माहीत असलेले तुम्हीच. बाहेरचा कुणी शोधायला आला तर त्याला एक शेत, एक विहीर, जमलं तर एक तांब्या पाणी मिळेल. खेडं नकाशावर यायला किल्ला असावाच लागत नाही.

जिथे डबा ठेवता येत नाही तिथे या खेळात अर्थकॅश (इंग्रजीतलं 'अर्थ', म्हणजे पृथ्वी) नावाचा प्रकार असतो. डबा नसतो, जागेच्या भूगर्भाबद्दलचे प्रश्न असतात, तिथे उभं राहून निरीक्षण करून उत्तरं पाठवायची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आपल्या दाराशी आहेत. वेरूळचं कैलास त्याच खडकात वरून खाली कोरलंय. जालन्यापलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार आहे. बेसाल्टमध्ये उल्केने पाडलेलं विवर, काठावरून काठावर सुमारे पावणेदोन किलोमीटर. तुमच्या आठ जिल्ह्यांत ते बसत नाही म्हणून तुम्ही यादीतून वगळलंत. मी असते तर हद्दीची रेघ सोडली असती. अर्थकॅश तयार करायलाही परवानगी लागते, पण प्रश्न काढण्याचा सराव मुलीबरोबर कुठेही होतो: हा दगड काळा का, त्यात ही भोकं कसली, पाणी कुठून झिरपतंय?

तुमच्यासारखी आणखी दोन पत्रं माझ्याकडे आहेत, एक सायकलवाल्यांचं, एक पक्षी मोजणाऱ्या ताईंचं. दोघांनीही आकडा आधी ठरवला आणि वाट मागून शोधली. त्यांना मी गोदाकाठ सुचवलाय, तुम्हालाही सुचवते. पैठण, शहागड, गंगाखेड, नांदेड. नदी ज्या क्रमाने जाते त्या क्रमाने, एका वेळी एक गाव, एखादं वर्ष लागलं तर लागू द्या. तुमच्या उरलेल्या ठिपक्यांतले निदान चार त्या वाटेवर आपोआप येतील.

आधी मात्र तुळजापूर. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा, आईंच्या गुडघ्यांना रांग सोसायची नाही. वार त्यांनाच ठरवू द्या. त्या दिवशी वही घरी ठेवा आणि नळदुर्ग जवळ आहे म्हणून तिकडे गाडी वळवू नका. दर्शन झाल्यावर त्या म्हणतील तिथे थांबा, कवड्यांची माळ घेऊ द्या, कुणी ओळखीचं भेटलं तर बोलू द्या. परतताना मुलीला विचारा, शेतातल्या डब्यात ठेवायला पहिली वस्तू कोणती. ती बहुतेक पेन्सिल म्हणणार नाही.